सुधाला लिहिलेलं पत्र अंकात कुठल्या पानावर होतं?

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय एखाद्या जुन्या साप्ताहिकावर घ्यायचा ठरतोय. असे मेसेज मला अधूनमधून येतात, बरेचसे बीड, अंबाजोगाई, केज, परळीकडच्या मुलामुलींचे. त्यात एक प्रश्न हमखास असतो. अंकात राजकीय लेख आहेत, ठराव आहेत, सभांची वृत्तं आहेत. आणि मधेच संपादकाच्या आईच्या आठवणी, प्रवासातली पत्रं, कुणाचं आजारपण, कुणाचा मृत्यू असंही काहीबाही आहे. याचं करायचं काय?

बहुतेकांनी उत्तर आधीच काढून ठेवलेलं असतं. एक्सेलमध्ये दोन रकाने करायचे, 'राजकीय' आणि 'वैयक्तिक'. पहिला रकाना प्रबंधात घ्यायचा, दुसरा 'ललित' म्हणून मराठी विभागाकडे सरकवून द्यायचा. इतिहासवाल्यांचं काम सुटसुटीत होतं.

मला हे पटत नाही. ज्या माणसाने तो अंक काढला त्याच्या टेबलावर असे दोन ट्रे नव्हते. आठ-बारा किंवा सोळा पानं, कागदाची टंचाई, शिवाय डोक्यावर सरकार बसलेलं. तेवढ्या जागेत 'मी'ला किती पानं द्यायची आणि 'आपण'ला किती, हा निर्णय तो दर आठवड्याला घेत होता. तो निर्णयच आपला पुरावा आहे. रकाने केले की नेमका तोच हातचा जातो.

उदाहरणासाठी 1938 साल घेऊ आणि सुरुवात आपल्याच भागापासून करू.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. अंबाजोगाईला कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत. तिथे 1935 पासून योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, सोबत बाबासाहेब परांजपे. शाळा म्हणजे फक्त शाळा नव्हती, हे आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वामीजी शाळा सोडून त्यात उतरले. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण 53' आडवं येई. म्हणजे आधी परवानगी काढा, मग बोला. छापायचं म्हटलं तर आणखी कठीण.

म्हणून त्याच वर्षी फेब्रुवारीत आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते मराठवाड्यात नाही, पुण्यात. छापायचं इंग्रजी हद्दीत आणि वाचक निजामाच्या हद्दीत. संस्थानाने अंकाला बंदी केली की वाघमारे नवं नाव घेऊन पत्र पुन्हा काढायचे. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. (इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. ग्रंथालयाच्या यादीत फक्त 'मराठवाडा' हा शब्द शोधाल तर साखळी मधेच तुटेल. संपादकाच्या नावाने शोधा.)

आता विचार करा, अशा पत्रात व्यक्तिगत लेखनाला जागा किती असणार? समजा माजलगावचा एक माणूस लिहितो की अमक्या सावकाराने माझ्या बापाची जमीन अशी घेतली, माझी बहीण अमक्या दिवशी वारली, मी त्या सभेला गेलो होतो. हे जसंच्या तसं छापलं तर पुढच्या आठवड्यात त्याच्या दारात पोलीस. गाव छोटं, तपशील त्याहून ओळखीचे. त्यामुळे अशा मजकुरातून 'मी' गळून 'येथील रयत', 'एक नागरिक', 'आमचा बातमीदार' असं काहीतरी उरतं. माझं वाचन असं की हा कोरडा, निनावी सूर म्हणजे लेखकाचा स्वभाव नव्हे. तो आडोसा आहे. अंकात घर दिसत नाही म्हणून त्या लोकांना घर नव्हतं असं होत नाही, आणि ते फक्त चळवळीपुरते जगत होते असंही होत नाही. 'मी'ची अनुपस्थिती हीच तिथली राजकीय बातमी आहे. तुमच्या एक्सेलमध्ये हिच्यासाठी रकानाच नाही.

मग ते घर गेलं कुठे? ते उशिरा आलं. स्वामीजींच्या हैदराबाद लढ्याच्या आठवणी इंग्रजी पुस्तकरूपाने आल्या 1967 मध्ये. सत्याग्रहानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. मधल्या काळात संस्थान विलीन झालं, भाषावार प्रांतरचना झाली, महाराष्ट्र राज्य झालं. 1967 मधल्या 'मी'ला गोष्टीचा शेवट माहीत आहे. 1938 मधल्या मुख्याध्यापकाला तो माहीत नव्हता. तरी आपल्याकडच्या प्रबंधांत 1938 च्या प्रकरणात 1967 चं वाक्य इतक्या सहज बसवलेलं दिसतं की जणू ते सत्याग्रहाच्या आदल्या रात्री लिहिलं होतं.

अनंत भालेरावांचं उदाहरण याहून सोयीचं, कारण तिथे सगळं एकाच हातचं आहे. ते स्वतः लढ्यात होते, पुढे 'मराठवाडा'चे संपादक म्हणून दोन पिढ्यांना माहीत झाले. त्यांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा इतिहास लिहिला, 'पेटलेले दिवस' या आठवणी लिहिल्या, आणि 'मांदियाळी'त माणसांची शब्दचित्रं काढली. ही तीन पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकच प्रसंग किंवा एकच माणूस तिन्हीकडे शोधा. कुठे 'मी' येतो, कुठे त्याचा 'कार्यकर्ते' होतो, कुठे तो बाजूला होऊन दुसऱ्याला पुढे करतो, हे टिपलंत तर एक प्रकरण तयार आहे.

आता निजामाची हद्द ओलांडून खानदेशात जाऊ. कारण 'मराठवाडा' पुण्यात निघालं त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल 1938 मध्ये, तिकडे साने गुरुजींनी 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. साल एकच, चळवळ एकाच झाडाची, पण हद्द वेगळी. तिथे शेतकऱ्यांच्या सारामाफीवर उघड लिहिता येत होतं, गिरणी कामगारांवर लिहिता येत होतं. मोकळीक बेताचीच होती, पण होती. या जागेचं गुरुजींनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

गुरुजींची सवय जुनी होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना, वसतिगृहाच्या मुलांसाठी ते 'छात्रालय' दैनिक काढायचे. हाताने लिहिलेलं, एका वसतिगृहापुरतं. आजच्या भाषेत सांगायचं तर चाळीस-पन्नास सबस्क्रायबर असलेलं न्यूजलेटर. तिथेच हे वळण पडलेलं दिसतं: देशाची गोष्ट सांगायची ती समोरच्या मुलाला नावाने ओळखणाऱ्या माणसाच्या आवाजात. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक आलं. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले आणि तुरुंगवास सुरू झाले.

'श्यामची आई' इथेच मधे येते. मराठीतलं बहुधा सगळ्यात घरगुती म्हणून ओळखलं जाणारं हे पुस्तक राजकीय कैद्याने नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं. पण पुस्तकात तुरुंग आहे का? नाही. आश्रमातली मंडळी रात्री जमतात आणि श्याम आठवणी सांगतो, अशी मांडणी आहे. कोठडी काढून तिथे आश्रम ठेवला. आपण मात्र हे पुस्तक दुसऱ्या रकान्यात टाकून मोकळे होतो. राजकारणाने माणसाला जिथे नेऊन बसवलं तिथूनच त्याने आईकडे पाहिलं, ही गोष्ट रकान्यात मावत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे 'साधना'कडे. (इतिहासाची साधने आणि 'साधना' साप्ताहिक यांवरून आमच्या विभागात जेवढे विनोद होतात ते सगळे झाले आहेत, तुम्ही नवे करू नका.)

गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. 'कर्तव्य' नावाचं सायंदैनिक काढलं, ते फार चाललं नाही. मग 15 ऑगस्ट 1948 ला मुंबईत 'साधना' सुरू झालं. स्वातंत्र्याला एक वर्ष झालेलं. हैदराबाद संस्थान अजून बाहेरच होतं. 'साधना' जेमतेम महिन्याचं असताना, 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. 11 जून 1950 ला गुरुजी गेले. म्हणजे संपादक म्हणून त्यांच्या वाट्याला पुरती दोन वर्षंही आली नाहीत, पण ही दोन वर्षं म्हणजे देश बांधला जात असतानाची.

याच काळात, याच साप्ताहिकात, त्यांनी पुतणीला, सुधाला, पत्रं लिहिली. ती पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकात आली आणि आज आपण वाचतो ते पुस्तकच. पुस्तकात वाचताना ती एका प्रेमळ काकाची पत्रं वाटतात: फुलं, पाऊस, प्रवास, भेटलेली माणसं, वाचलेली पुस्तकं, मधूनच देशाच्या गोष्टी. देशाच्या गोष्टी आल्या की वाचक थोडा थबकतो, हे इथे कसं आलं म्हणून. अंकात हे उलटं होतं. तिथे देशाच्याच गोष्टी सगळीकडे होत्या आणि त्यांच्यामधे सुधा होती.

मला यात संपादकाची तीन-चार कामं एका वेळी झालेली दिसतात. शाळकरी मुलीला समजावून सांगतोय म्हटलं की अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते आणि मोठ्या वाचकाचा अपमानही होत नाही. त्याला वाटतं आपण नुसतं कानावर पडलेलं ऐकतोय. पत्र म्हटलं की विषयावरून विषयावर उडी मारायची मुभा मिळते, जी अग्रलेखात नसते. आणि पत्राला स्वतःची ठरलेली जागा असल्यामुळे बाकीच्या लेखांना गोड व्हावं लागत नाही. ज्याला साने गुरुजी म्हणजे नुसते हळवे, डोळ्यांत पाणी आणणारे वाटतात, त्याने एकदा पुस्तकं मिटून अंक उघडावेत. हळवेपणाची जागा ठरवून देणारा माणूस नुसता हळवा नसतो. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून बसलेला माणूस होता तो.

इथे एक भेद ठसवून घ्या, कारण मुलाखतीत हमखास अडकायला होतं. व्यक्तिगत म्हणजे खासगी नव्हे. सुधा खरी होती, माया खरी होती. पण पत्र छापायला दिलं त्या क्षणी ते सगळ्या वाचकांसमोर ठेवलेलं लेखन झालं. गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काही जण या पत्रांत त्याच्या खाणाखुणा शोधत बसतात: ही ओळ उदास आहे, हा पाऊस म्हणजे अमुक. असं करू नका. छापील पत्र म्हणजे केसपेपर नव्हे. काय सांगायचं हे ठरवताना काय सांगायचं नाही हेही त्यांनी ठरवलेलं होतं, आणि तो त्यांचा अधिकार होता.

हे फक्त मराठीतच घडलं असं नाही. गांधीजींची आत्मकथा 'नवजीवन' या गुजराती साप्ताहिकात नोव्हेंबर 1925 पासून फेब्रुवारी 1929 पर्यंत प्रकरणाप्रकरणाने येत होती. प्रस्तावनेत ते कारणही देतात, आणि ते अगदी संपादकी कारण आहे: 'नवजीवन'साठी दर आठवड्याला काहीतरी लिहावं लागतंच, मग आत्मकथाच का नको? 1928 मध्ये बारडोलीचा सत्याग्रह पेटलेला होता तेव्हाही जुन्या आठवणींची प्रकरणं चालूच होती. पुस्तकात बारडोलीचा लढा नाही. त्या वर्षीच्या वाचकाच्या हातात मात्र दोन्ही एकदम पडत होतं.

हाच धागा धरून एक जरा वेगळं आणि जास्त बोचणारं उदाहरण देते. 'यंग इंडिया'च्या 12 डिसेंबर 1929 च्या अंकात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आलं. बायको बाळंत झाली, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. बाईला बाहेर आणून बसवलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिलं, त्याने ते नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. पुढे ती वारली. हे पत्र डॉ. आंबेडकरांनी स्वतःच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीवजा मजकुरात उद्धृत केलं. त्यातच त्यांचे स्वतःचे प्रसंग आहेत: लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्यातली राहायच्या जागेची वणवण, चाळीसगाव, आणि आपल्याच मुलखातला 1934 चा दौलताबादचा. किल्ल्याच्या दाराशी टाक्यातल्या पाण्याने सोबतच्या मंडळींनी हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला, तो.

पत्र तेच. 'यंग इंडिया'त ते एका साप्ताहिकाच्या वाचकाचं पत्र होतं. आंबेडकरांच्या मजकुरात ते दौलताबादच्या शेजारी येऊन बसलं आणि पुरावा झालं. शेजार बदलला की व्यक्तिगत मजकुराचं वजन बदलतं. आणि हा मजकूर स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापला गेला तो 1990 मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडून. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता अशी पत्रं चालवणाऱ्या माणसाचा हा 'मी' स्वतंत्र पुस्तिका होऊन त्याच्या मागे चौतीस वर्षांनी आला. इथेही तारखा दोन धराव्या लागतात, लिहिल्याची वेगळी आणि छापल्याची वेगळी.

तर मग प्रत्यक्ष काय करायचं? अंक हातात आला की तुमच्या विषयाच्या लेखाचा फोटो काढून पुढे जाऊ नका. पूर्ण पान घ्या, कडांसकट. समोरचं पानही घ्या. जाहिरात असेल तर तीही. व्यक्तिगत मजकुराच्या वर काय आहे, खाली काय आहे, तो पहिल्या पानावर आहे की शेवटच्या, दर आठवड्याला त्याच जागी येतो की हलतो, हे वहीत टिपा. ज्या आठवड्यात तो आलाच नाही, तो आठवडा सगळ्यात आधी टिपा: संपादक तुरुंगात होता, दौऱ्यावर होता, आजारी होता, की राजकीय मजकुराने जागा खाल्ली? 'साधना'चे जुने अंक आता संगणकावरही पाहता येतात, त्यामुळे हा अभ्यास बीडमध्ये बसूनही होतो. भाड्याचे पैसे वाचतात. मात्र शब्द टाकून थेट लेखावर उडी मारायची सोय असते, ती सुरुवातीला वापरू नका. पहिले दहा अंक पान उलटत वाचा.

पुस्तक आणि अंक यांची तुलना हा सिनॉप्सिससाठी स्वतंत्र विषय होऊ शकतो. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तक होण्याआधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं होतं. मध्यमवर्गीय वाचकांच्या त्या मासिकात फलटणच्या महारवाड्याच्या आजूबाजूला कुठले लेख होते, कुठल्या जाहिराती होत्या? एवढ्या प्रश्नावरही एम.फिल.च्या जमान्यात एक लघुप्रबंध झाला असता.

आणि जाता जाता आपल्या जिल्ह्याचं. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा आता प्रत्येक निबंधात सापडतो. त्या बायकांचा 'मी' मात्र सापडतो तो पत्रकारांच्या बातम्यांत, मालिकांत, पुरवण्यांत: 'नाव बदललेलं', चेहरा पदराने झाकलेला, गाव नुसतं 'वडवणी तालुक्यातलं एक' असं. 1938 मध्ये बातमीदाराला जो आडोसा लागत होता, तोच इथे वेगळ्या कारणाने लागतो. मुकादमाची उचल फिटायची असते, पोरींची लग्नं व्हायची असतात.

आकडा सरकारी अहवालात टिकेल. बातमी ज्या पानावर होती ते पान टिकेल याची खात्री नाही, कारण स्थानिक दैनिकं रद्दीत जातात आणि पुरवण्या तर आधी जातात. मी सध्या जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांत विचारत फिरतेय की 2019 चे एप्रिल ते डिसेंबरचे अंक कुणी बांधून ठेवलेत का. धारूर आणि आष्टीकडे अजून जाणं झालेलं नाही. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात असे गठ्ठे असतील तर कळवा, आणि ग्रंथपालांना सांगा की पुरवण्या वेगळ्या काढू नका.